नवरदेवाच्या सुरीवरचं लिंबू

माझं लग्न मे महिन्यात, भर दुपारच्या मुहूर्तावर लागलं. याचं कुणाला नवल वाटलं, तर तो हिंगोली जिल्ह्यातला नाही एवढंच मी समजतो. लग्न सकाळी किंवा संध्याकाळीही लावता येतं, हा शोध आमच्याकडे अजून फारसा पसरलेला नाही.

त्या वर्षीचं ऊन तर असं होतं, की दुपारी माणसाची सावलीसुद्धा त्याच्या बुटाखाली जाऊन बसायची आणि हाक मारली तरी बाहेर यायची नाही. हातपंपातून थेट चहाचं पाणी यायचं, पत्ती-साखर तेवढी घरून न्यायची. यात मी काही वाढवून सांगत नाही. उलट परगावच्या माणसाचा विश्वास बसावा म्हणून थोडं कमीच करून सांगतोय.

अशा उन्हात मला बंद गळ्याचा मखमली कोट घातला होता. आत जाड अस्तर. शिंप्यानं तो बर्फातल्या कुणा गिऱ्हाइकासाठी शिवला असावा आणि ते गिऱ्हाईक न आल्यामुळे माझ्या अंगावर चढवला असावा. डोक्याला फेटा, कपाळावर मुंडावळ्या आणि हातात सुरी. हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या हातात सुरी असते आणि तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं असतं, नजर लागू नये म्हणून. माझ्या त्या अवताराला नजर लावायला कुणी धजलं असतं असं मला वाटत नाही. पण आत्याला वाटत होतं, आणि आमच्या घरात वाटण्याचं खातं आत्याकडेच होतं.

"अक्षता पडंस्तोवर लिंबू हललं न्हाई पायजे," तिनं मला बजावलं होतं. लग्नसराई आणि ऊन एकदमच आल्यानं बाजारातली लिंबं गायब झाली होती. हे एक तिनं कळमनुरीच्या बाजारात दुसऱ्या एका वरमाईच्या पिशवीतून, म्हणजे जवळजवळ तोंडातून, काढून आणलं होतं. शिवाय लग्न लागेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असा तिचा उपास होता. तोही माझ्याच कल्याणासाठी. माझ्या कल्याणाचं ऐकून मला नेहमीच धडकी भरते.

वऱ्हाड टेम्पोतून पुढं मुलीच्या गावी, डोंगरकड्याला गेलं. मागं जीपमध्ये मी, आत्या, पुढच्या सीटवर माझे मामा आणि ड्रायव्हर. जीपला एसी होता. पण "एसी लावला की गाडी वढत न्हाई, आन गाडी वढली की एसी लागत न्हाई," असं ड्रायव्हरनं समजावून सांगितलं. मामाचा भरवसा एसीवर नव्हताच. त्यांनी ऊन लागू नये म्हणून खिशात भलामोठा कांदा ठेवला होता.

"मामा, लग्नाला निघालात का भाजीला?" आत्यानं टोमणा मारला.

"आक्का, माह्या कांद्यानं ऊन थांबतंय. तुमच्या लिंबानं काय थांबतंय?"

"तुमची जीभ थांबली तरी लई झालं."

साखरपुड्यापासून या दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. मी मात्र दोघांशीही सहमत होतो, कारण घामानं माझी बुद्धी वाहून गेली होती.

वारंगा फाट्यावर रसवंतीपाशी थांबलो. मामा रस पिऊन आले. रसवाला जीपच्या खिडकीशी येऊन माझ्या सुरीकडं असा पाहायला लागला, जसं मुलीकडचं कुणी नवरदेवाकडं पाहतं.

"नवरदेव, निम्मं तरी द्या की. चार दिस झाले, रसात लिंबू न्हाई."

"चल, गाडी काढ!" आत्या ड्रायव्हरवर ओरडली. तेव्हा तिचा आवाज खणखणीत होता.

फाटा मागं पडला आणि थोड्याच वेळात मामा म्हणाले, "आक्का, तुमच्या त्या वरमाईनं आज काय लावलं असंल सुरीवर?" उत्तर आलं नाही. मामांचा टोमणा आणि आत्या गप्प, हे होणं शक्य नव्हतं. मी वळून पाहिलं. तिचं डोकं खिडकीवर टेकलं होतं. हात हातात घेतला तर तव्यासारखा कोरडा आणि तापलेला. घाम नावाला नव्हता.

आता इथं मी काही फुगवून सांगणार नाही. मी घाबरलो. माझ्या लहानपणी मी तापात पडलो की रात्र रात्र उशाशी बसणारी ती बाई होती.

जीप थांबवली. रस्त्याकडेच्या बाभळीखाली एक मेंढपाळ मेंढरं घेऊन बसला होता. त्यानं मेंढरं हाकलून सावली मोकळी केली. आम्ही आत्याला तिथं निजवलं. मी फेटा सोडला, जारमधल्या पाण्यात भिजवला आणि तिच्या डोक्याला, मानेला गुंडाळला. ड्रायव्हर टॉवेलनं वारा घालत राहिला. मामांनी तिच्या तोंडाशी पाणी धरलं. तिनं दात आवळले.

"अक्षता..." ती पुटपुटली.

मामांनी माझ्या हाताकडं पाहिलं. "सुरी आण."

"मामा, लिंबू..."

"तुह्या आत्याला काय झालं तर अक्षता काय लिंबावर टाकतो?"

साखर ओटीच्या सामानातून निघाली. मीठ मेंढपाळानं आपल्या भाकरीच्या फडक्यातून दिलं. मामांनी लिंबू उभं चिरलं, थेंबही न सांडता पिळलं, आणि आत्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आक्का, पाणी नव्हं हे. सरबत हाय. सरबतानं उपास मोडत न्हाई." असं शास्त्र कुठं आहे, मला माहीत नाही. पण तिनं तोंड उघडलं. घोट-घोट करून तिनं सगळा तांब्या संपवला, आणि बऱ्याच वेळानं डोळे उघडून पहिलं वाक्य बोलली:

"साखर कमी हाय."

आमचा जीव भांड्यात पडला. मग ती उठून बसली आणि तिची नजर माझ्या हातातल्या रिकाम्या सुरीवर गेली.

"लिंबू कुठंय?"

"आक्का," मामा म्हणाले, "तुमच्या पोटात."

आता आत्या मामांना त्याच सुरीनं चिरणार, अशी माझी खात्री होती. तिनं मात्र मामांच्या खिशात हात घातला, कांदा बाहेर काढला, पदरानं पुसला आणि माझ्या सुरीच्या टोकाला खचकन खोचला.

"आन मला ऊन लागलं तर?" मामा म्हणाले.

"लागू द्या."

"आक्का, आधी दवाखाना करू."

"आधी अक्षता. मग तुमी म्हणाल तिकडं." पहिल्यांदाच दोघांचं निम्मं एकमत झालं.

डोंगरकड्यात बँड वाजत होता. मी जीपमधून उतरलो. ओला फेटा पिळून पुन्हा बांधलेला, हातात कांदा. ओवाळायला आलेल्या माझ्या सासूचं ताट हवेतच थांबलं.

"हे काय? कांदा काहून?"

मामांनी तोंड उघडलं, पण आत्या त्यांना मागं सारून पुढं झाली. मघाशी बाभळीखाली निजलेली बाई ती हीच, हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

"उन्हाळ्याच्या लग्नात आमच्यात कांदाच असतोय. लिंबू हिवाळ्यात. तुमच्यात न्हाई का?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. कमीपणा कोण घेईल?

"हाय की! आमच्यातबी कांदाच. म्या आपलं सहज इचारलं."

अक्षता पडल्या तशी आत्यानं कबूल केल्याप्रमाणे दवाखाना गाठला आणि सलाइन लावून घेताना बाजूला बसलेल्या मामांशी कडाकडा भांडली.

तेव्हापासून आमच्या आणि सासरच्या दोन्ही घराण्यांत उन्हाळी नवरदेवाच्या सुरीवर कांदा असतो. हे कुठून आलं, म्हणून नवी पोरं विचारतात, तेव्हा म्हातारी माणसं "पूर्वापार" म्हणून सांगतात. परवा एका चुलतभावाच्या लग्नात कुणीतरी हौसेनं लिंबू खोचलं होतं. आत्यानं ते उपटून काढलं आणि मामांच्या हातात दिलं.

"सरबत करा," ती म्हणाली. "आन बघा, या खेपेला साखर बराबर टाका."