अंगणातली वाळू

बैठकीत पाच फुटांची काचेची टाकी बसवली, तेव्हा रंगीत मासे मला नकोच होते. वाळूत अंग पुरून राहणारी, सापासारखी लांब वाम हवी होती. सिद्धेश्वर धरणावर मासे धरणारा एक म्हातारा दोन वाम आणि गोणीभर वाळू घेऊन आला. त्याचं नाव मी विचारलंच नाही.

टाकीत हात घालण्याआधी त्यानं तांब्याभर पाणी मागितलं आणि बाहेर जाऊन पाय धुतले.

"बाबा, हात घालायचाय ना? मग पाय काहून धुता?"

"घरात जायाचं हाये," तो म्हणाला. "आमचं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं, तवा अंगणातली वाळू भरून आणली."

मग सारवल्यासारखा हात फिरवत त्यानं वाळू पसरली. दोन्ही वाम तिच्यात शिरल्या. निघताना त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. टाकीला हात जोडून हळूच म्हणाला, "येतो."

वर्ष झालं, तो आला नाही. आता काच पुसण्याआधी मीही पाय धुतो. खाणं टाकलं तरी वाम माझ्याकडं वळत नाहीत. दोघींची तोंडं वाळूतून वर आलेली असतात, दाराकडं.