वीस प्रश्न, चार मिनिटं

दुपारी दोनला ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या संस्थेच्या शिवशंकर सरांचा फोन आला तेव्हा प्रियदर्शनी मस्के जेवत होती. हात खरकटा होता, म्हणून वडिलांनी, आप्पांनी, फोन तिच्या कानाला लावला.

"मॅडम, तीनला समिती बसतेय. तुमचं एका ओळीचं पत्र हवंय. चाचणीत उत्तर कळायला कुठलीच वाट नव्हती, एवढंच लिहा."

"कोणाच्या चाचणीत?"

"उमापूरची ती करिष्मा. आपल्या कोर्सची पहिली अंध विद्यार्थिनी. वीस प्रश्न, चार मिनिटं, वीसपैकी वीस! डोळसांना चाळीस मिनिटं लागली. शेजारी भाऊ बसला असणार. विचारलं तर म्हणते, कॉम्प्युटरनंच सांगितलं." सर हसले. "कोर्समधून नाव काढायचं ठरलंय तिचं. पण अंध मुलीला काढलं म्हणून उद्या बोंब व्हायची. तुमची सही असली की बरं."

"आधी बघते सर."

"बघा. पण तीनच्या आत."

तलवाड्याच्या या खोलीत बसून ती आठ महिने संस्थेचं काम करत होती. नवव्या वर्षी तापात डोळे गेले. मग अंधशाळेचं वसतिगृह, बी.ए., आणि नंतर घरातली पाच वर्षं. त्या पाच वर्षांत येणारा-जाणारा तिच्यासमोरच आप्पांना विचारायचा, "हिचं कसं व्हायचं?" जणू तिचे कानही गेले होते. आप्पा माजलगावच्या कालव्यावर पाटकरी होते, शेतांना पाणी सोडायचे. ते उत्तर द्यायचे नाहीत, चहा मागवायचे.

मग हे काम मिळालं. ऑनलाइन कोर्सचा प्रत्येक धडा न पाहता वापरता येतो का, हे तपासायचं. प्रत्येक चित्रामागं त्याचं वर्णन लिहिलेलं असावं लागतं. डोळसांना ते दिसत नाही. कॉम्प्युटरचा पडदा वाचून दाखवणाऱ्या आवाजालाच ते सापडतं. लिहिणाऱ्यांनी आधी नुसतं 'आलेख' एवढंच लिहिलं होतं. तिनं तीनदा परत पाठवलं. "डोळसाला एका नजरेत जे दिसतं ते सगळं लिहा," असं झापलंही. चौथ्यांदा आलेल्या वर्णनांवर ती खूश झाली आणि दिवाळीआधी सही करून मोकळी झाली. मार्चपासून तिला कायम करणार होते.

तिनं हात धुतले, चाचणी उघडली.

पहिला प्रश्न: शाळेतल्या सर्वांत जास्त मुलांना कोणता खेळ आवडतो? तिनं बोटानं पुढची कळ दाबली. चित्राचं वर्णन आलं: मुलांच्या आवडत्या खेळांचा आलेख, सर्वांत उंच खांब कबड्डीचा.

तिचं बोट कळीवरच राहिलं.

दुसरा प्रश्न. तिसरा. प्रत्येक चित्र इमानदारीनं उत्तर सांगत होतं. तपासताना तिनं प्रश्नांची यादी एका दिवशी ऐकली होती, चित्रांची दुसऱ्या दिवशी. चित्राला वर्णन आहे ना, पूर्ण आहे ना, बरोबर. पुढचं. विद्यार्थ्यासारखी दोन्ही एका जागी घेऊन ती कधी बसलीच नव्हती.

"काय झालं गं?" आप्पांनी विचारलं. ती श्वास कसा घेते यावरून त्यांना कळायचं.

तिनं सांगितलं. आप्पा जवळ येऊन बसले.

"कोनाला दिसतंय का ते?"

"नाही. डोळे असलेल्या कुणालाच नाही."

"मग कावून सांगतीस? मार्च दोन म्हैन्यावर आलाय. ती पोरगी काय आपली हाय का?"

"दहावीला मला गणितात ब्याण्णव पडले, तेव्हा सगळे काय म्हणाले आप्पा?"

आप्पा तिचं खरकटं ताट उचलू लागले.

"लेखनिकानंच सोडवलं असणार, म्हणाले. तेव्हा शाळेत भांडायला कोण गेलं होतं?"

"गेलतो मी," आप्पा पुटपुटले. मग म्हणाले, "मोबाइलला रेंज न्हाई हितं. खिडकीत बस."

ती कॉम्प्युटर घेऊन खिडकीत बसली. तीनला समिती फोनवर जोडली गेली. पाच-सहा माणसं, कुठंतरी पंखा, कुठंतरी चहाच्या कपांचा आवाज.

"पत्र नाही पाठवलं मॅडम?"

"करिष्मा खरं सांगतेय सर. कॉम्प्युटरनंच सांगितलं."

"अहो, चाचणी माझ्यासमोर उघडी आहे. इथं तर काहीच दिसत नाही."

"दिसणार नाही. ऐका."

तिनं फोन कॉम्प्युटरजवळ धरला. तिच्या कॉम्प्युटरचा आवाज नेहमी इतका वेगात पळायचा की आप्पा त्याला मोहोळ म्हणायचे. आज तिनं तो खाली, आणखी खाली आणला. आवाज एकेक शब्द टाकत चालला. प्रश्न. चित्र. सर्वांत उंच खांब. पुन्हा प्रश्न. पुन्हा चित्र. चौथ्या प्रश्नाला कपांचा आवाज थांबला. सातव्याला कोणीतरी "बास" म्हणालं.

मग एक अनोळखी, म्हातारा आवाज आला. "हे तपासून पास कोणी केलं होतं?"

शिवशंकर सरांनी कागद उलटल्याचा आवाज आला. त्यावर सहीच्या जागी तिचं नाव होतं. तिनं फोन तोंडाजवळ आणला.

"मी," ती म्हणाली. "सही माझीच आहे."



करिष्माचं नाव राहिलं. चाचणी सोमवारी पुन्हा घ्यायची ठरलं. "तुमच्या कायम होण्याचं मग बघू," असं सर शेवटी म्हणाले आणि तिचं उत्तर न ऐकताच गेले.

तिनं उमापूरला करिष्माला फोन लावला, सही आपलीच होती हेही सांगितलं.

"म्हंजी माझे वीस गेले?" करिष्मा म्हणाली.

"गेले."

"लई भारी ताई! चूक तुमची आन परीक्षा माझी."

"हो."

मग पलीकडचा आवाज बारीक झाला. "मी खोटं बोलले नव्हते, एवढं आईला सांगता का? ती चार दिवस झाले बोलना माझ्याशी."

"दे आईला."

आईशी बोलून झाल्यावर तिनं पहिलं चित्र पुन्हा उघडलं आणि जुनं वर्णन पुसलं. आवाजाचा वेग तसाच संथ ठेवला. खो-खो अठरा, क्रिकेट चोवीस, कबड्डी सत्तावीस, लंगडी अकरा, एवढंच लिहिलं. मग आधी प्रश्न लावला, मग चित्र.

आप्पा दारात उभं राहून ऐकत होते. मोहोळातले शब्द त्यांना पहिल्यांदाच वेगवेगळे ऐकू येत होते.

"पुन्यांदा लाव," ते म्हणाले. "क्रिकेट किती म्हनलं?"