सात फुल्या

माणसाची सही म्हणजे माणसाची अब्रू. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष दादासाहेब हे वाक्य दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून सांगतात. माझी अब्रू त्यांच्या क्लार्कनं एका दुपारी, चहा निवायच्या आत, सात ठिकाणी घेतली. कुठं सही करायची त्या फुल्या त्यानं पेन्सिलनं आधीच करून ठेवल्या होत्या. वरचा फॉर्म कोरा होता.

ते बाहेर आलं बारा वर्षांनी, बँकेत. पाथर्डी फाट्याला एक खोली-किचनचा फ्लॅट बघितला होता. त्याच्या कर्जासाठी गेले होते. साहेब तिशीतला. त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली, मागच्या रांगेलाही दिसेल अशी.

"मॅडम, जुनं कर्ज थकवलंय तुम्ही."

"मी कधी कर्ज घेतलंच नाही."

"सगळे असंच म्हणतात." मग त्यानं फॉर्मवरचं आडनाव पुन्हा वाचलं. "तुमच्या लोकांना वाटतं, सरकार माफ करील."

मागं कुणीतरी हसलं. मी वळून बघितलं नाही. मी संस्थेच्याच कॉलेजच्या लायब्ररीत आहे. वीस वर्षं लोकांकडून थकलेली पुस्तकं मागते. आडनाव बघून आवाज कधी चढवला नाही.

कर्ज कसलं ते घरी जाऊन रिपोर्टावरची तारीख बघितल्यावर कळलं. संस्थेला नवी इमारत बांधायची होती. तेव्हा आम्हा अकरा कर्मचाऱ्यांच्या नावावर संस्थेच्याच पतसंस्थेतून कर्ज काढलं. हप्ते संस्था भरणार. आमच्याकडं अशीच पद्धत. नाही कोण म्हणणार? पुढं पतसंस्था बुडाली, तिची थकबाकी एका वसुली कंपनीनं घेतली, आणि कंपनीनं आमची नावं क्रेडिट रिपोर्टात चढवली.

मी दादासाहेबांच्या बंगल्यावर गेले. हॉलमध्ये सहा खुर्च्या होत्या. बस म्हणाले नाहीत.

"एवढ्यासाठी आलीस होय? भरून टाकतो आम्ही. फक्त लिहून दे, कर्ज मुलीच्या लग्नासाठी घेतलं होतं."

"मला मुलगी नाही. माझं लग्नच झालेलं नाही."

"मग आईच्या आजारपणाचं लिही."

"आई त्याच्या चार वर्षं आधीच गेली."

दादासाहेबांना कंटाळा आला. "नोकरी कुणी दिली गं तुला? तुमच्यात कोण देणार होतं?"

क्लार्कनं टाइप केलेला कागद पुढं सरकवला. पेन्सिलीची फुली होतीच. मी पेन उचललं. फुलीकडं बघितलं. बारा वर्षांपूर्वीही मी अशीच उभी होते, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. पेन खाली ठेवलं.

"नाही देणार लिहून."

"फ्लॅट जाईल."

"जाऊ दे."

आवाज माझाच होता. ओळखीचा वाटला नाही.

बाकीच्या दहा जणांनी लिहून दिलं. कुणी बाळंतपण लिहिलं, कुणी घराचं छप्पर. प्रयोगशाळेतले मामा मला जिन्यात म्हणाले, "ताई, लय शहाणपण नका करू. सही करा, मोकळ्या व्हा." त्यांना दोन मुलं शिकवायची आहेत. दोष देत नाही. पण हल्ली डबा खाताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते, आणि मामा लायब्ररीपुढून जाताना मोबाइल कानाला लावतात. मोबाइल वाजलेला नसतो.

फ्लॅट दुसऱ्यांनी घेतला. बस त्याच रस्त्यानं जाते. बाल्कनीत त्यांचे कपडे वाळत असतात.

मी रविवारी बसून अर्ज लिहिला. सही माझी आहे, पैसे माझ्या हातात आले नाहीत. ते कुठं गेले ते दाखवू शकते. त्या इमारतीत मी रोज आठ तास बसते. दादासाहेबांचं नाव पूर्ण लिहिलं, क्लार्कचंही. एक प्रत सहकार खात्याला, एक बँकेला, एक वसुली कंपनीला, एक ईमेलनं क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्यांना. नोकरी गेली तर जाईल. न घेतलेल्या कर्जाची कबुली मी देणार नाही, आणि खोटी आई आजारी पाडणार नाही. नाव निघेपर्यंत दर महिन्याला लिहीन.

रिपोर्टवाल्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. हा संदेश यंत्राने पाठवला आहे, कृपया याला उत्तर देऊ नये, असं त्यात होतं.