पद्माकरची मुठीची बंदूक

ऑस्ट्रेलियातलं टूवूंबा सोडून थोडी गाडी हाणली की दोन्ही बाजूंना ज्वारी लागते. आपल्यासारखी उंच नाही, ठेंगणी, लालसर कणसांची, गुरांच्या खाद्याची. तिथे रॉस नावाच्या मालकाच्या शेतावर, पत्र्याच्या छपराच्या घरात पद्माकर राहायचा. मूळचा कोल्हापूरचा. शेतीचं शिकायला इथल्या युनिव्हर्सिटीत आला, पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी मिळाली, आणि शहरात कुणाची तरी गाडी चालवण्यापेक्षा ट्रॅक्टर बरा म्हणून तिथेच टिकला.

त्याची बायको चित्रलेखा २०२०च्या फेब्रुवारीत पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. मार्चमध्ये करोनामुळे सीमा बंद झाल्या, मेमध्ये मुलगी झाली. मयूरा. बापाने लेकीला पाहिलं ते फोनच्या काचेतून. इथले शहाणे लोक म्हणायचे, कशाला पाठवायची, इथे सगळं फुकटात होतं. अरे बाबांनो, हॉस्पिटल फुकट असेल, पण आईच्या हातचा शेक कुठल्या सरकारी मेडिकेअरमध्ये बसतो? अशा अडकलेल्या घरांसाठी मी माझ्या स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या घरातून भांडत होते. खासदारांच्या ऑफिसात माझा फोन लागला की लोक एकमेकांकडे द्यायचे, इतकी मी नावडती. त्या भांडणातच पद्माकर भेटला, आणि मी अधूनमधून त्याच्याकडे जाऊ लागले.

बंदूक म्हटली की माझं डोकं फिरतं. त्याने तिजोरी उघडून ती टेबलावर ठेवली तेव्हा मी चहाचा कप घेऊन उठलेच.

"बसा हो ताई. रिकामी आहे, बघा." त्याने नळी बिजागरीवर मोडून आरपार दाखवली. "रॉसची जुनी. रीतसर नावावर करून घेतलीय, लांबी नियमात आहे, पोलिसांना विचारून झालंय. तेव्हा भाषण नको."

"हिचा मागचा दांडा कुठाय?"

"दस्ता? नाहीच. नुसती मूठ. पिस्तुलासारखी धरायची."

मग त्याने गुण गायला सुरुवात केली. आखूड आहे. कोंबड्यांच्या खुराड्यात वळते. पाण्याची टाकी आणि शेड यांच्या बोळात कोपरं न आपटता फिरते. एका हातात धरून दुसऱ्या हाताने फाटक उघडता येतं. जुनी बाई नवीन भांड्याचं कौतुक करते, तसं चाललं होतं.

हे सगळं कशासाठी, ते मला ठाऊक होतं. चित्रलेखा जायच्या आधी एका संध्याकाळी रानडुक्कर थेट कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आलं होतं. हातभर अंतरावर, सुळ्यांसकट. ती पोटुशी, हातात ओली चादर. घरात येऊन तिने सांगितलं, "बाळ घेऊन मी या घरात येणार नाही. आधी डुकरांचं बघ." तेव्हापासून दर फोनवर ती विचारायची, डुकरं येतात का? आणि हा सांगायचा, नाही, बंद झाली. विमान मिळेल न मिळेल, ते सरकारच्या हातात. पण विमान मिळाल्यावर ती या घरात पाऊल ठेवेल की नाही, ते याच्या हातात होतं, आणि त्याने ते सगळं त्या बंदुकीवर टाकलं होतं.

तेवढ्यात कोल्हापूरहून व्हिडिओ कॉल आला. पठ्ठ्याने हौसेने बंदूक फोनसमोर धरली. चित्रलेखा कॉलेजात असताना नेमबाजीच्या रेंजवर तयार झालेली. ती आधी हसली.

"हे काय रे पद्या? बंदूक आहे की शेवयांचं यंत्र?"

"जवळून मारायला आहे."

"गाल कशावर टेकवणार? गाल टेकला नाही तर डोळा नळीच्या रेषेत कसा येणार? खांदा नाही, तर सगळा धक्का मनगटात. डोळ्यासमोर धरून मारशील तर स्वतःचेच दात पाडून घेशील. आणि आखूड वस्तू फिरते चांगली म्हणतोस ना? तिचं तोंडही तसंच फिरतं. आपल्याच पायाकडे, नाहीतर ताईंकडे."

मी खुर्ची सरकवली.

"मग काहीच फायदा नाही?" पद्माकर चिडला.

"आहे की. अडचणीच्या जागी, अगदी जवळ. मूठ आणि मागे दस्ता, असं दोन्ही असलेलीही मिळते, ती बरी. हाताला ताण येत नाही, खांद्याला टेकते. पण नुसत्या मुठीवर पळतं डुक्कर? नाद सोड."

"मी मारून दाखवतो."

"कुठलं डुक्कर? बंद झालीत ना?"

पद्माकरने बंदूक खाली ठेवली. पलीकडे मयूराने कुरकुर सुरू केली, आणि चित्रलेखाने फोन ठेवला. मी उरलेला चहा प्यायले. अशा वेळी आपण बोलायचं नसतं, एवढं मलाही कळतं.

पुढच्या जानेवारीत ते घडलं. दिवस मावळताना भाजीच्या वाफ्यात डुक्कर शिरलं. हा मूठ पकडून धावला, कमरेवरून चाप ओढला. डुकराला एक छर्राही लागला नाही. छर्रे गेले पाण्याच्या टाकीत. घरात नळाला येतं ते सगळं पाणी त्या टाकीतलं, पावसाचं. भोकांतून धारा लागल्या. मनगट तिथल्या तिथे सुजलं. एका हाताने घरातली भिजवलेली कणीक आणून भोकांत कोंबत होता तेव्हा रॉस आला.

"मेट," रॉस म्हणाला, "टाकीला पोळ्या खाऊ घालतोयस?"

मग त्याने सिलिकॉन आणून भोकं बुजवली.

हसायची गोष्ट नव्हती. टाकीच्या मागे पातळ भिंत होती, आणि भिंतीमागच्या खोलीत पद्माकरने मयूरासाठी घेतलेला पाळणा. टाकी भरलेली होती म्हणून छर्रे पाण्यात अडकले. डुकराच्या मागे काय आहे, हे त्याने बघितलंच नव्हतं. नेमच नाही तर बघणार काय?

त्याने मला फोन केला. "चित्राला सांगू?"

"सांग. खोटं बोलून काय कमावलंस?"

त्याने सगळं सांगितलं. डुकरं, टाकी, पाळणा, मनगट. तिने आधी सुजलेलं मनगट फोनसमोर धरायला लावलं म्हणे. मग म्हणाली, "माप घे."

"कसलं?"

"दस्त्याचं. नीट खांद्याचा दस्ता बसव, माझ्या मापाचा. तुला जमायचं नाही. डुकरांचं मी बघते, तू पोरगी धर."

म्हणजे ती येणार होती. याच घरात. पद्माकरला ते समजायला जरा वेळ लागला.

माप तिच्या आईने घेतलं, शिवणाच्या टेपने, फोन तांब्याला टेकवून. कोपराच्या वळणापासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "जावईबापू, ब्लाउज शिवताय की काय? शिवताय तर बाही जरा सैल ठेवा." कडेवर मयूरा टेपचं टोक चघळत होती. पद्माकरने तो आकडा हातावर पेनने लिहिला, आणि म्हणे दोन दिवस तो हात धुतला नाही.

टूवूंबातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने अक्रोडाचा दस्ता बसवला आणि त्या मापाला कापला. मयूराचा व्हिसा आला. मेची तिकिटं निघाली. पद्माकरने दोरीची जागा बदलून घराच्या उजेडात आणली, खोलीला रंग दिला.

आणि एप्रिलच्या शेवटी सरकारने भारतातून येणारी विमानंच थांबवली. स्वतःच्या माणसांना सांगितलं, आलात तर तुरुंगात टाकू. इतर देशांत साथ नव्हती का? तिथल्या लोकांना कुणी तुरुंग दाखवला नाही. माझ्या तोंडून त्या आठवड्यात जे निघालं ते छापण्यासारखं नाही.

मी मेमध्ये त्याच्याकडे गेले. कापणी राहिलेल्या पट्ट्यात ज्वारी उभी होती. त्याने तिजोरीतून बंदूक काढली, नळी मोडून दाखवली, मग खांद्याला लावली. दस्ता त्याला आखूड पडत होता. मान दुमडून, अंगठा नाकाला लागलेला, मोठ्या माणसाने पोराच्या सायकलवर बसावं तसा दिसत होता. तरी गाल त्याने अक्रोडावर टेकवला, डोळे मिटले आणि तसाच उभा राहिला. मी खिडकीबाहेर बघितलं.

"त्या म्हाताऱ्याने मागे लावायला रबरी पॅड दिले होते," तो म्हणाला. "लावले की लांबी वाढते. मला बसेल."

"मग लाव की. ती येईपर्यंत तरी वापर. वाफा सगळा उकरलाय."

"नको."

"अरे, ती आली की काढता येतील!"

"येतील. पण लावले की ती माझी बंदूक होईल, ताई."

बाहेर ज्वारीत कणसं हलत होती, वारा नसताना. पद्माकरने बंदूक तिजोरीत ठेवून कुलूप लावलं, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि एक काठी उचलली आणि डुकरं हाकायला निघाला.