बिनकाचेचा सरदार

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासणारा तो माणूस इतका गरीब स्वभावाचा होता, की खोलीत शिरलेल्या माशीलाही खिडकी उघडून बाहेरची वाट दाखवायचा. गिऱ्हाईक चौथ्यांदा चष्मा परत घेऊन आलं, अजून टोचतोय म्हणालं, तरी हा तोंडातून ब्र काढायचा नाही. चष्मा हातात घ्यायचा, मान हलवायचा आणि पुन्हा यंत्रापाशी जाऊन बसायचा. दुकान थोरल्या भावाचं. पुढे काउंटरवर दादा, मागे हा. एकोणीस वर्षं हाच क्रम. वरच्या मजल्यावर दादा-वहिनीचं घर, आणि त्या घरातली जिन्यालगतची खोली याची. कामाला जायचं तर बावीस पायऱ्या उतरायच्या, काम संपलं की त्याच चढायच्या.

असा हा माणूस दर रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळात गावंच्या गावं जाळायचा.

त्याचं असं झालं. दादाचे एक मित्र, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, सात वर्षांपूर्वी एक खेळ घेऊन आले. पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिल, फासे आणि चालणारं तोंड एवढंच भांडवल. एकाने गोष्ट पुढे नेत राहायचं, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि त्या माणसाचा बेत जमला की फसला ते फाशांनी ठरवायचं. गोष्ट चालवायचं काम अर्थातच दादाकडे गेलं, कारण त्या घरात काहीही चालवायचं तर ते दादाच चालवायचा. वहिनी वैदू झाली, मास्तर तिरंदाज. उरला दुष्ट सरदार. तो कुणालाच नको होता, म्हणून याच्या गळ्यात पडला.

चष्म्याच्या दुकानात खेळायचं म्हटल्यावर दादाने एक रीत पाडली. प्रत्येकाने बिनकाचेची एक फ्रेम निवडायची. फ्रेम डोळ्यांवर आहे तोवर बोलणं गोष्टीतल्या माणसाचं, फ्रेम काढली की आपलं स्वतःचं. हे तू मला म्हणालास की वैदूला, अशी भांडणं नकोत. रीत सोयीची होती, पण तिच्यात एक गोम होती आणि ती फक्त यालाच ठाऊक होती. त्याचा स्वतःचा नंबर उणे नऊ. सरदाराची जाड काळी फ्रेम चढवायची तर आपला चष्मा काढून ठेवावा लागे, आणि तो काढला की समोरचे चेहरे पुसून जात. टेबलापलीकडे नुसते तीन धूसर गोळे. कुणाची भुवई चढली, कुणाचा ओठ थरथरला, काही म्हणजे काही दिसायचं नाही. आणि जे दिसतच नाही त्याला भ्यायचं कशाला?

मग सरदार सुटायचा. त्याने विहिरींत विष कालवलं. तिरंदाजाला तीनदा शत्रूच्या हवाली केलं आणि मास्तर तिन्ही वेळा फसले. गुडघे टेकून गयावया करणाऱ्या म्हाताऱ्याला तो थंड आवाजात, एकेक शब्द तोडत म्हणाला, "नाही. मला दया येत नाही. चालता हो." त्या 'नाही'ची चव त्याला तिथेच पहिल्यांदा कळली. घरात तो शब्द त्याच्या जिभेवर कधी चढलाच नव्हता. वडील गेले तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. दादाने शिक्षण सोडून दुकान धरलं, याला वाढवलं, हातात कसब दिलं. एवढं करणाऱ्याला नाही म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? खेळात वैदूचं लाडकं खेचर सरदाराने विकून टाकलं तेव्हा वहिनीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यानंतर तीन दिवस हा न सांगता तिची भांडी घासत होता.

दादाला मात्र भारी कौतुक. बघा, इथे कसा वाघ होतो, असं तो मास्तरांना सांगायचा. एकदा याने चाचरत विचारलं, सरदाराला मारून टाकूया का, मला एखादा साधा नावाडी होऊन बघायचंय. दादा हसला आणि म्हणाला, सरदाराशिवाय खेळात मजा ती काय? विषय संपला. म्हणजे दुष्ट व्हायचं तेही दादाच्या परवानगीने. मला विचाराल तर हा शुद्ध अन्याय होता, पण मला कोण विचारतंय.

अशात एक दिवस, दादा माल आणायला बाहेरगावी गेला असताना, डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. सहा तासांवरच्या एका शहरात, जेमतेम दिसणाऱ्या मुलांसाठी खास भिंगं घडवायची कार्यशाळा त्यांनी काढली होती. याने घासलेलं भिंग कुणा रुग्णाच्या चष्म्यात पाहून त्या शोधत आल्या होत्या. राहायला खोली, शिकवायला जाणती माणसं, आणि काम असं की हात धन्य व्हावेत. हो की नाही ते सोमवारी दुपारी बारापर्यंत ठरवायचं होतं. पंधरा दिवस त्याने आरशासमोर तालीम केली. "दादा, मला जायचंय." एवढंसं वाक्य. पण दादा समोर आला की ते बाहेरच पडायचं नाही. दोन वर्षांपासून दादाचे हात कापत होते. अख्खं दुकान धाकट्याच्या हातांवर उभं होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघेही मूग गिळून गप्प होते.

बघता बघता शेवटचा रविवार उजाडला. गोष्टीत त्या दिवशी सरदार राजापुढे उभा होता. राजाचं बोलणं दादाचं, त्यासाठी सोनेरी फ्रेम. याने आपला चष्मा काढला, काळी फ्रेम चढवली, आणि समोरचे चेहरे पुसले गेले तशी जीभ सुटली.

"महाराज, एकोणीस वर्षं तुमच्या तळघरात बसून तुमच्या तलवारींना धार लावली. तुमचे उपकार विसरलेलो नाही. पण आता इथेच राहिलो तर मी आतल्या आत मरेन. दुसऱ्या राज्यातून बोलावणं आलंय. उद्या दुपारी बाराच्या आत उत्तर द्यायचंय. मला जायचंय."

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. सरदाराने आता राजालाही दगा दिला, याचा त्यांना केवढा आनंद! त्यांनी फासे पुढे सरकवले.

"सरदाराला राज्य सोडता येणार नाही," दादा म्हणाला.

मास्तर म्हणाले, अहो, पण फासे तरी टाकू द्या. सात वर्षांत दादाने कुणालाही फासे नाकारले नव्हते.

"फासे नकोत. तो गेला तर राज्य बुडेल."

आवाज राजाचा नव्हता. याने चाचपडत आपला चष्मा शोधला आणि डोळ्यांवर चढवला. सोनेरी फ्रेम टेबलावर पडली होती. दादा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, नुसती भीती. एवढा घाबरलेला दादा त्याने वडील गेले त्या दिवशीही पाहिला नव्हता.

"दादा," तो म्हणाला.

"बोल."

"काही नाही."

खेळ मोडला. मास्तर कुरकुरत घरी गेले. जिन्यात वहिनीने त्याला गाठलं.

"गुरुवारी त्या बाईंचा दुकानात फोन आला होता, भाऊजी. ह्यांनीच घेतला. तेव्हापासून वाट बघत होते, तुम्ही कधी विचारताय. तुम्ही तोंडावर विचारलंत तर नाही म्हणणं ह्यांना जमायचं नाही. मला म्हणाले, त्याने विचारलं तर जा म्हणेन. आणि तुम्ही फ्रेम लावून विचारलंत. सरदाराला नाही म्हणायला काय लागतं? अजून वेळ आहे. खाली जा."

तो खाली गेला. दादा काउंटरवर एकटाच एका चष्म्याच्या दांडीतला स्क्रू बसवत होता. बारीक स्क्रू, कापणारी बोटं. तिसऱ्यांदा स्क्रू खाली पडला, आणि दादाने वर पाहिलं. आता विचार, असंच ते डोळे सांगत होते. चष्मा नाकावर होता, सगळं लख्ख दिसत होतं. याने वाकून तो उचलला, दादाच्या हातातून पेचकस घेतला आणि दांडी बसवून दिली. मग दोघांनी मिळून शटर ओढलं.

सोमवारी बाराला दहा कमी असताना मागच्या खोलीतला फोन वाजला. डॉक्टरीणबाईंच्या आवाजात आनंद मावत नव्हता. त्याची खोली त्यांनी झाडून ठेवली होती, म्हणे. कधी येताय, असं त्यांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. थंड आवाज, एकेक शब्द तोडलेला. "मला यायचं नाही. पुन्हा फोन करू नका."

तुम्ही असं बोलाल असं वाटलं नव्हतं, एवढंच बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. खऱ्या आयुष्यात त्याने कुणाला स्पष्ट नाही म्हटलं ते हे पहिलंच, आणि म्हटलं कुणाला, तर त्याला तिथून बाहेर काढायला आलेल्या एकुलत्या एका माणसाला.