नम्रतेची शिकवणी

आमच्या घरातली कुठलीही वस्तू ती आधी तळहातावर तोलून बघायची. नारळ, साखरेचा डबा, तुमच्या आजोबांचं पितळी कासव. निकालही लगेच द्यायची, "आजी, हे अडीच किलो भरतंय बघा." एकदा तिनं माझा जाडजूड इंग्रजी शब्दकोश उचलला आणि आदरानं म्हणाली, "हा मात्र पक्का चार किलो. आमच्या गोळ्याएवढा!" चौतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पण त्या ग्रंथाची इतकी नेमकी कदर कोणी केली नव्हती.

बाळांनो, दिवाळीत आला होतात तेव्हा तुम्हीही तिला पाहिलंत. मागच्या गल्लीतली, रुंद खांद्यांची. मूळची देवगाव रंगारीची. वडील वाळूजच्या कारखान्यात. गोळाफेक हाच तिचा ध्यास. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी तिचे व्हिडिओ पाहिले होते. शिष्यवृत्ती द्यायची की नाही, ते व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बोलून ठरवणार होते. जागा एकच होती आणि तिच्यासारख्या आणखी मुली रांगेत होत्या.

तिची आई मला म्हणाली, "बाई, खेळाचं ती बघंल. बोलायचं तेवढं तुम्ही बघा."

मी बघायला घेतलं की काय होतं, हे तुमच्या आईला विचारा. तीन रंगांच्या शाईत वेळापत्रक तयार झालं. सोमवार-बुधवार उच्चार, मंगळवार-गुरुवार शिष्टाचार. शिष्टाचाराचा पहिला नियम असा, की आपणच आपली स्तुती करायची नाही.

"किती लांब फेकतेस, असं विचारलं तर?"

"चौदा मीटर! जिल्ह्यात माझ्या जवळपास कुणी नाय."

"अगं, असं सांगतात का? म्हणायचं, अजून शिकतेय, सर."

"पण आजी, चौदा जातो की!"

"जातो ना? मग लोक आपोआप म्हणतील. आपण म्हणायचं नसतं."

'अजून शिकतेय, सर' हे वाक्य मी तिच्याकडून इंग्रजीत दहा वेळा लिहून घेतलं.

ठरल्या दिवशी सकाळी सात वाजता फोन आला. मी इस्त्रीची साडी नेसून फोनच्या बाजूला बसले होते, जिथून मला पडदा दिसत होता, पण प्रशिक्षकांना मी दिसणार नव्हते. हातात पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर लाल शाईत इंग्रजीत 'नम्र राहा'.

प्रशिक्षकांनी विचारलं, "किती लांब फेकतेस?"

"अजून शिकतेय, सर."

"जिल्ह्यात कितवी?"

"माझ्याहून चांगल्या पुष्कळ आहेत, सर."

उच्चार निर्दोष! मी मान डोलावली.

"मग आम्ही तुलाच का घ्यावं?"

"ते आपण ठरवावं, सर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. परीक्षक पेनाला टोपण लावतो म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको होतं. तरी मी पाटी आणखी उंच धरली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आजी, तुमचं झालं का? आता मी बोलू?"

माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःच्या इंग्रजीत सुरू झाली. "सर, ती आजीची उत्तरं होती. माझं ऐका. मी चौदा मीटर फेकते. जिल्ह्यात एक नंबर. ज्यात उभं राहून फेकते, त्या आमच्या सर्कलचं सिमेंट उखडलंय, तरी चौदा. तुमचं सर्कल चांगलं असेल, तर पंधरा. मला घ्या."

व्याकरणाच्या सात चुका. सवयीनं मोजल्या.

पेनाचं टोपण निघालं. "ही आजी कोण?" प्रशिक्षकांनी विचारलं. तिनं फोन माझ्याकडे वळवला. मी तशीच, पाटी उंच धरून. ती वाचून ते इतके हसले, की त्यांची टोपी घसरली.

ऑगस्टमध्ये ती अमेरिकेला गेली. तिच्या मैदानावर मी त्यानंतर पहिल्यांदा गेले. इतके महिने तिला बोलायला शिकवत होते, पण तिची एकही फेक पाहायला गेले नव्हते. मातीत गोळ्याचे खड्डे तसेच होते. सर्वांत लांबच्या खड्ड्यापासून मी उखडलेल्या सिमेंटच्या सर्कलपर्यंत चालत गेले. माझी सव्वीस पावलं भरली. मध्ये एकदा थांबावं लागलं.