जिनिंगचा ब्रॅकेट आणि तीन मिलिमीटर

मंडळी, आज हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, माझ्या वर्कशॉपमध्ये बनलेला ब्रॅकेट बसला.

बेअरिंग धरणारा हा ब्रॅकेट दर आठवड्याला तुटायचा आणि ऐन हंगामात मशीन बंद पडायची. तुटका तुकडाच वर्कशॉपमध्ये नमुना म्हणून यायचा, त्यावरून नवा बनायचा. मीही दोनदा तसाच करून दिला, हे कबूल करतो.

या वेळी नमुना बाजूला ठेवून मशीनचीच मापं घेतली. कॉम्प्युटरवर भाग जोडले, तर ब्रॅकेटचं भोक तीन मिलिमीटर सरकलेलं! नमुन्यावरून नमुना काढताना चूक वाढत गेली होती. बोल्ट ओढून कसला की ताण कुठे येतो तेही तपासलं. तुटायची तीच जागा स्क्रीनवर लाल झाली.

जिनिंगचे फोरमन देवरावभाऊ स्क्रीन पाहून म्हणाले, "दहावी शिकून टीव्हीत लोखंड पाहून राह्यला का?"

"नाई टिकला तर कॉम्प्युटर विकतो," मी म्हटलं.

नव्या मापांनी ब्रॅकेट बनवून आज मशीनवर लावला, तर बोल्ट न ओढता हातानेच आत गेले. मशीन चार तास चालल्यावर देवरावभाऊंनी बेअरिंगवर हात ठेवला. भोक सरकलेलं असलं की बेअरिंग तापतं; हे तापलं नव्हतं.

"कॉम्प्युटर विकू नको," ते म्हणाले. "उद्या दुसऱ्या मशीनची मापं घ्याले येजो."

तुम्ही कोणता नमुना न मोजता उतरवत आहात?